पहिलं माप खोडणाऱ्या बाई

डॉ. सुमतीबाई उमाळकर यांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. भांडण अर्थात एकट्या माझंच होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या तासाला सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर हसत हसत वाचून दाखवलं. मी ते त्यांच्या हातातून ओढलं, टेबलावर आपटलं आणि कॉलेजातून जो निघालो तो परत गेलो नाही. घरी वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. अशात एका मित्राने बातमी आणली, "रामदासपेठेत एक डॉक्टरीण बाई पोट्टे पाहून राहिल्या. सायकल पाहिजे आन् अक्षर चांगलं पाहिजे. डिग्रीचं काही विचारत नाहीत."

मी गेलो. दोन खोल्या, बाहेर लाकडी बाक, आतलं दार बंद. अकराची वेळ दिली होती आणि मला आत बोलावलं सव्वाबाराला. आत पाऊल टाकल्या टाकल्या मी म्हणालो, "बाई, नोकरी मागायला आलेल्या माणसालाही घड्याळ असतं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हात द्या."

"कशाला?"

"द्या तर."

दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढला, खाली उतरला. त्यांनी कागदावर आकडा लिहिला. मग मला पाणी दिलं, पुढ्यात वर्तमानपत्र टाकलं आणि आपलं काम करत बसल्या. दहा मिनिटं गेली. मग पुन्हा पट्टा, पुन्हा पारा. दुसरा आकडा लिहिला आणि पहिल्यावर आडवी रेघ मारली.

"पहिलं माप भांडणाचं होतं. दुसरं तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरंच धरतात. सायकल आहे ना?"

नोकरी लागली. सव्वा तास उशीर का झाला ते पुढे केव्हातरी कळलं. माझ्या आधी आत बसलेल्या कामगाराने ते स्वतःच सांगितलं. बोलता बोलता तो रडायला लागला होता, आणि रडणाऱ्या माणसाला बाईंनी आजवर कधी घाई केलेली नाही. त्या दिवशी मला हे सांगून त्या मला सहज गप्प करू शकल्या असत्या. सांगितलं नाही. ज्याचं रडणं होतं, गोष्टही त्याचीच होती.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक त्यांच्या संशोधनाबद्दल लिहितील आणि ते अधिकाराने लिहितील. मी त्यांच्या हाताखालचा सायकलवाला. गौरव समितीने मला का विचारलं कोण जाणे. बाईंनी मात्र एकच अट घातली, "माझ्याबद्दल काय वाटेल ते लिही. पण कामगारांबद्दल त्यांना विचारल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही." म्हणून इथे ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांना विचारून लिहिलं आहे, आणि नावं सगळी बदललेली आहेत.

कामाचा ताण आणि त्याने माणसाच्या प्रकृतीवर होणारा परिणाम हा बाईंचा विषय. आज हा शब्द दवाखान्यात ऐकू येतो. तेव्हा ‘ताण’ म्हटलं की लोक हसत. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या नट-बोल्टच्या एका कारखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत प्रेस खात्यातले, म्हणजे लोखंड दाबून घडवणाऱ्या मशीनवरचे, सगळ्यात जुने कामगार उत्तमराव म्हणाले, "बाई, ताण म्हंजे काय जी? आमच्या घरी तं कपडे वाळवाची दोरीच तानून रायते."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "तीच. तिच्यावर ओली चादर टाकली की दोरी तुटत नाही, फक्त खाली येते. चादर काढली की वर जाते. पण चादर कधी काढलीच नाही तर?"

उत्तमरावांनी डबा झाकला. "तं मंग एक दिवस खिळाच उपटून येते," ते म्हणाले आणि हात पुढे केला. "घ्या, मोजा."

बाईंची कामाची रीत अशी. कारखान्यात जाताना पांढरा कोट घालायचा नाही. कामगार खुर्चीवर बसला तर आपण स्टुलावर बसायचं, म्हणजे आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली राहतं. पहिलं माप घ्यायचं आणि खोडायचं, कारण ते यंत्राच्या भीतीचं असतं. कामावर येताना, काम संपताना आणि सुटीच्या दिवशी घरी, असं तीनदा मोजायचं. कार्डावर नाव नाही, नुसता नंबर. कोणत्या नंबरचा माणूस कोण, ते एका वहीत, आणि ती वही बाईंच्या घरी कुलपात. सगळ्यांत मोठा नियम म्हणजे आकडा त्या माणसाला सोडून कोणालाही सांगायचा नाही. बायकोला नाही, फोरमनला नाही, युनियनलाही नाही. कारखान्याने आम्हाला सायकल स्टँडचा एक कोपरा दिला होता. बाईंनी तिथे घरची चादर बांधून आडोसा केला, आणि ज्याला जे सांगायचं ते त्या चादरीमागे सांगत.

त्यांच्या संशोधक नजरेचा एकच अनुभव सांगतो. प्रेस खात्यातली मी घेतलेली काम संपतानाची मापं सतत जास्त येऊ लागली. पहिलं खोडलं तरी दुसरं जास्त, तिसरंही जास्त. मी जाहीर करून टाकलं, "बाई, मशीन बिघडली." बाईंनी मशीन स्वतःच्या हाताला लावून पाहिली, ठीक होती. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि सकाळी सातपासून खात्यात एका खोक्यावर बसून राहिल्या. मापं घेतली नाहीत, वही उघडली नाही. दुपारी पावणेतीनला माझ्या बाहीला धरून म्हणाल्या, "मशीनकडे बघू नकोस. यांच्या मानांकडे बघ."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या. तीनच्या पाळीची कंपनीची बस यायची वेळ होती. तिथली पद्धत अशी होती की पुढच्या पाळीचा माणूस बसमधून उतरला नाही, तर आधीच्या पाळीच्या माणसाने त्याच मशीनवर आणखी आठ तास उभं राहायचं. याला ‘डबल’ म्हणत. आपला बदली माणूस आज उतरतो की नाही हे कोणालाच आधी कळायचं नाही. प्रेस चालूच, बोटं प्रेसखाली, आणि डोळे बसच्या दारावर. बाई म्हणाल्या, "आठ तासांच्या कामाने यांचा पारा चढत नाही रे. या पंधरा मिनिटांनी चढतो." मी दोन महिने तिथे रोज उभा होतो, त्या माना रोज पाहत होतो, आणि मला काही दिसलं नव्हतं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. त्यात मी दोषी आहे, हे आधीच सांगतो.

प्रेस खात्यात शंकरराव नावाचे पन्नाशीचे कामगार होते. पंधरा वर्षांची नोकरी, कमी बोलणारे, कामाला पक्के. त्यांचं माप मी घेतलं. पहिलं भलतंच वर गेलं. नियमाप्रमाणे खोडलं. दुसरं त्याहून बरंच खाली, पण तेही जास्तच. बाईंनी त्यांना चादरीमागे बोलावलं आणि मला बाहेर पाठवलं. शंकरराव बाहेर आले ते मान खाली घालूनच. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते पुन्हा प्रेसवर उभे.

मी बाईंना विचारलं, "त्या माणसाचं काय करायचं?"

"ते त्यांचं आणि माझं चाललं आहे," त्या म्हणाल्या.

मी समजलो, काहीच चाललेलं नाही. बाई नुसते आकडे लिहून राहिल्या आणि तिकडे एक माणूस मरून राहिला, असं माझ्या डोक्याने घेतलं. माझ्या डोक्याने एकदा घेतलं की ते उतरत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. बाईंचे तक्ते टाइप करून आणायला मी दर शनिवारी सीताबर्डीतल्या एका टायपिंग क्लासमध्ये जात असे. बाहेरून येणारं काम तिथे एक मुलगी करी. तिची बोटं मशीनवर चालत तेव्हा मला दुसरं काही ऐकू येत नसे. तक्ता अर्ध्या तासात होणारा असला तरी मी दोन तास बाकावर बसून राही. ती शंकररावांची मुलगी. सीताबर्डीत टायपिंगचे क्लास ढीगभर आहेत, वाचकांनी शोधू नये. आणि हा मजकूरही तिच्याच हातून टाइप व्हायचा असल्याने याविषयी अधिक लिहीत नाही.

एका शनिवारी जिन्यात मी तिला थांबवलं. "तुमच्या बाबांची तब्येत बरी नाही," मी म्हणालो.

"काहून? काय झालं त्यायले?"

मी सांगितलं. आकड्यासकट सांगितलं. वाटलं, आपण एका माणसाचा जीव वाचवून राहिलो. आणि खरं सांगायचं तर वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तिने पाहिलं. मला हवं होतं तसं नाही. तिच्या हातातली छत्री जिन्यावरून खाली गेली आणि ती छत्रीच्या मागे धावली ते घरापर्यंत धावतच गेली असावी.

तिने आईला सांगितलं. आई घाबरली. सोमवारी सकाळी ती माउली कारखान्याच्या गेटवर फोरमनसमोर हात जोडून उभी राहिली, "साहेब, यायले हलकं काम द्या जी. यायचं प्रेशर लय वाढलं हाय, थ्या बाईच्या पोरानं मोजलं." फोरमन वाईट माणूस नव्हता, पण घाबरट होता. उद्या हात प्रेसखाली गेला तर आपल्यावर येईल, म्हणून त्याने मॅनेजरसाहेबांना सांगितलं. साहेबांनी शंकररावांना दुपारीच घरी पाठवलं. आठ दिवसांनी कारखान्याचे डॉक्टर तपासतील, आणि अनफिट ठरले तर नोकरी संपली.

त्या दिवशी मी मशीन घेऊन खात्यात गेलो तर एकही हात पुढे आला नाही. उत्तमराव म्हणाले, "मशीन उचल न् चालता हो, भाऊ. आज हात मोजतं, उद्या गेट दाखवतं."

मी काय करायला हवं होतं? सरळ बाईंकडे जायला हवं होतं. मी गेलो मॅनेजरच्या केबिनमध्ये. त्यांच्या टेबलाच्या काचेवर हात आपटून ओरडलो, "माणसं काय नट-बोल्ट आहेत काय, वाकडा निघाला की फेकून द्यायला?" चौकीदाराने मला दंडाला धरून गेटबाहेर सोडलं. संध्याकाळी साहेबांची चिठ्ठी रामदासपेठेत पोचली. ज्यांची ज्यांची तपासणी झाली त्या सर्व कामगारांची नावानिशी यादी दोन दिवसांत द्यावी, नपेक्षा अभ्यास बंद करावा. म्हणजे आधी एका माणसाची नोकरी टांगली होती, माझ्या आरडाओरड्याने आता सगळ्या खात्याची टांगली गेली.

मी बाईंना सगळं सांगितलं. जिना, मुलगी, काच, सगळं. त्या तक्त्यावर लिहीत होत्या. माझं संपेपर्यंत लिहायचं थांबल्या होत्या, एवढंच.

"आकडा कोणता सांगितलास?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

"हा तर पहिला. म्हणजे खोडलेला."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "उद्या तीनच्या आधी गेटवर ये. सायकलने ये, मी कार्डांची पेटी घेऊन रिक्षाने येते."

दुसऱ्या दिवशी तीनला बस आली. एक पाळी आत जाणारी, एक बाहेर पडणारी, गेटसमोर सगळे जमले. बाईंनी चहाच्या टपरीच्या बाकावर पत्र्याची पेटी ठेवली आणि कुलूप काढलं. आवाज त्यांनी चढवला नाही, लोकच जवळ सरकले.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," बाई म्हणाल्या, "की तुमचा आकडा तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. तो शब्द मोडला. माझ्या माणसाने मोडला, म्हणजे मीच मोडला. साहेबांनी तुमची यादी मागितली आहे. ही तुमची कार्डं. ज्याची त्याने घेऊन जावी. नावाची वही काल मी घरच्या चुलीत घातली. पेटीत कार्डच नसलं तर यादी कशाची करणार?"

"आन् तुमचा अभ्यास?" कोणीतरी विचारलं.

"अभ्यास जाईल."

"दोन वर्षांचा?"

"हो."

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "चूक माझी आहे. बाईंची नाही."

मागून आवाज आला, "मालूम हाय बे! तूच तं व्हय. थ्या टायपिंगवालीसाठी." सगळं गेट हसलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. बाईंनी तेवढ्यात नंबर पुकारायला सुरुवात केली. नाव एकाचंही घेतलं नाही. उत्तमरावांनी पहिलं कार्ड उचललं, घडी घालून खिशात टाकलं. त्यांच्यामागे बाकीचे. पाहता पाहता पेटीचा तळ दिसू लागला. बाई प्रत्येकाला कार्ड देताना दोन्ही हातांनी देत होत्या. शेवटी पेटीत एकच कार्ड उरलं, जो घरी बसला होता त्याचं.

ते पर्समध्ये घालून त्या मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. मला बरोबर घेतलं, दारापाशी उभं केलं आणि सांगितलं, "तोंड उघडायचं नाही."

"यादी आणली?" साहेबांनी विचारलं.

"यादी नाही. कार्डं ज्यांची त्यांनी नेली."

साहेब उखडले. पण ते जे बोलले ते अगदीच चुकीचं नव्हतं, हे मी आता कबूल करतो. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या कारखान्यात आजारी माणूस प्रेसवर उभा राहणार आणि मला कळणार नाही? हात तुटला तर जबाबदार कोण, तुम्ही?"

"प्रश्न बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "हात द्या."

"काय?"

"तुमचा हात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे."

का कोण जाणे, साहेबांनी कोटाची बाही वर केली. बाईंनी पट्टा बांधला. मध्येच फोन वाजला, साहेब त्यावर कोणावर तरी ओरडले. बाईंनी पहिला आकडा लिहून खोडला. मग फोनचा रिसीव्हर त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला, साहेबांना डोळे मिटायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. आकडा एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची चार पदरी घडी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"हा तुमचा. तुमच्या मालकांना मी कळवू का?"

साहेबांनी चिठ्ठी उघडली, वाचली. पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "नको."

"का?"

"ते माझ्याकडे... वेगळ्या नजरेने बघतील."

"शंकररावही मला हेच म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "त्यांना चक्कर येत असती तर त्याच दिवशी मी त्यांना मशीनवरून उतरवलं असतं आणि त्यांना सांगून तुमच्याकडे आले असते. चक्कर नाही. दर आठवड्याला ते माझ्याकडे येतात, गोळी चालू आहे, दाब उतरतो आहे. त्यांच्या कार्डावरचं तुम्हाला सांगायची त्यांनी आज मला परवानगी दिली आहे, म्हणून हे सांगते. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हात कधी तुटेल? पावणेतीनला तुटेल. तुमच्या बसची वाट पाहताना तुटेल. या एका माणसाला काढलंत तरी पावणेतीन वाजायचे राहणार नाहीत."

आणि त्यांनी त्या मानांची गोष्ट सांगितली. साहेबांनी चिठ्ठी खिशात ठेवली. त्यांच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. मी एकदा विचारलं होतं. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

आठ दिवसांनी शंकररावांची तपासणी झाली ती बाईंच्या रीतीने. केबिनमध्ये नाही, सायकल स्टँडच्या कोपऱ्यात चादरीमागे. कारखान्याच्या डॉक्टरांनी पहिलं माप घेतलं आणि बाईंकडे पाहून स्वतःच खोडलं. दुसरं ठीक आलं आणि शंकररावांना कामावर परत घेतलं गेलं. पुढे तीन-चार महिन्यांनी त्या खात्यात दोन जादा कामगार आले. कोणाचा बदली माणूस बसमधून उतरला नाही तर मशीनवर ते उभे राहतात. डबल करायचं की नाही ते आता ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

बाईंनी मला कामावरून काढलं नाही. मी स्वतःच राजीनामा लिहून नेला तर म्हणाल्या, "काढलं तर तू मोकळा होशील. ते नको. शंकररावांच्या घरी जा."

गेलो. दार तिने उघडलं. शंकरराव खाटेवर बसले होते. "ये गा, बस," म्हणाले. मी उभ्या उभ्याच माफी मागितली. ते म्हणाले, "चुकला तं चुकला. पन सांगाचाच होता तं बरोबर आकडा तरी सांगाचा न् बे! थ्या खोडलेल्या आकड्यानं माह्या बायकोले दोन दिवस अन्न गोड लागलं नाही." आणि स्वयंपाकघराच्या दारातून ती म्हणाली, "तुम्ही मले काहून सांगितलं? बाबालेच म्हणाचं होतं ना, घरी सांगा म्हणून." इतकं सोपं होतं ते. मला सुचलं नव्हतं.

बाईंच्या अभ्यासाचं पुढे काय झालं, असं पुष्कळजण विचारतात. गेटवरच्या त्या दिवसानंतर बाईंनी एकाही कामगाराला कार्ड परत मागितलं नाही. पण पंधरा दिवसांनी एकजण रामदासपेठेत आला आणि कार्ड टेबलावर ठेवून गेला. मग दुसरा आला. कोणी येताना संत्री आणली, कोणी नुसतंच कार्ड आणलं. उत्तमराव सगळ्यांच्या शेवटी आले. त्यांनी कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये जपलं होतं. "ठेवा बाई," म्हणाले, "घरी नातू याच्यावर चित्रं काढाले मांगून राहिला." सगळी कार्डं काही आली नाहीत. अहवालात बाईंनी तसं सरळ लिहिलं, काही कार्डं परत आली नाहीत, कारण आमच्याकडून शब्द मोडला गेला. ते वाक्य गाळा, त्याने अभ्यासाचं वजन कमी होतं, असा सल्ला त्यांना मोठ्या माणसांनी माझ्यादेखत दिला. बाईंनी चहा पाजून त्यांना निरोप दिला आणि वाक्य ठेवलं.

माझ्यावरच्या त्यांच्या उपकारांविषयी फार लिहीत नाही. दर जून महिन्यात माझ्या टेबलावर कॉलेजच्या प्रवेशाचा कोरा फॉर्म येऊन पडतो. कोणी ठेवला ते कोणी बोलत नाही. आजवर मी एकही भरला नाही, आणि बाईंनी एकदाही विचारलं नाही. माझा राग अजून आहे. कमी झाला असं खोटं लिहिणार नाही. पण हल्ली राग आला की मी दहा मिनिटं बसतो, आणि मग काय उरतं ते पाहतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी बाईंच्या अटीप्रमाणे मी शंकररावांची परवानगी मागायला गेलो. ते आता पाळीच्या आधी गेटबाहेरच्या बाकावर निवांत तंबाखू मळत बसतात. सगळं वाचून दाखवलं. ऐकलं आणि म्हणाले, "बराबर लिहिलं. पन मेन गोष्ट राहिली."

"कोणती?"

"गेटवर कार्डं वाटली न्, थ्या दिवशी सकाळी बाई आमच्या घरी आल्या होत्या. मले वाटलं माह्याशी बोलाले आल्या. मले परवानगी इचारली, दोन मिंटात झालं. मंग अंदर चुलीपाशी जाऊन बसल्या, माह्या बायकोपाशी. थे तं रातभर रडून राहिली होती, मीच यायची नोकरी घालवली म्हणून. घरात कोनी तिले काही म्हटलं नव्हतं, पन तिच्याशी बोलतही नव्हतं. बाईनं तिचा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही नवऱ्यासाठी उन्हात उभ्या राहिल्या, त्यात काही चुकलं नाही. चूक माह्या घरची हाय, तुमच्या घरची नाही. आन् जाताना मले म्हणाल्या, हिच्याशी बोला. थ्या दिवशी आमच्या घरी सैपाक झाला."

इतकी वर्षं मी बाईंच्या टेबलासमोर बसतो. हे मला माहीत नव्हतं. बाईंनी कधी सांगितलं नाही, सांगणारही नव्हत्या. त्या दिवशी एक नोकरी वाचली, ते सगळ्या हिंगण्याला ठाऊक आहे. पण नोकरीचा निकाल लागायच्याही आधी, जिला कोणी मोजलं नव्हतं, जिचं पेटीत कार्ड नव्हतं, अशा एका बाईचा भार उतरवून मगच त्या गेटवर आल्या होत्या.

बाई, असं आणखी किती घरांत तुम्ही जाऊन आलात ते तुम्ही सांगणार नाही, आणि मी विचारणारही नाही. साठी झाली. पुढची वर्षं निरोगी जावोत, पुष्कळ जावोत, जिने चढताना दम न लागो. ज्या चुलींपाशी तुम्ही बसलात तिथल्या सगळ्यांच्या वतीने हे मागतो आहे. ती माणसं या समारंभाला येतील, मागच्या रांगेत बसतील, आणि कोण कशासाठी आलं आहे हे सभागृहात फक्त तुम्हाला माहीत असेल.